रिकाम्या सीटचा बेल्ट

सकाळचे साडेआठ. चेन्नईतल्या पेरुंगुडी सिग्नलच्या पुढे, मेट्रोच्या खांबांखाली, एक पांढरी छोटी गाडी भर रस्त्यात कचकन थांबली.

इंजिन बंद पडलं. पुढच्या बसचा मागचा पत्रा आणि गाडीचं बॉनेट यांच्यात जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं.

गाडीत दोघं होती. नवरा आणि बायको.

ब्रेक दोघांपैकी कुणीही लावला नव्हता.

ही हकिगत खरी आहे. जिच्या डोळ्यांदेखत घडली ती बाई आजही पेरुंगुडीत राहते. विचारलं तर सांगते, न वाढवता, न कमी करता. नावं तेवढी बदलली आहेत. भुताचं म्हटलं की लोक आधी विचारतात, रात्रीचे किती वाजले होते? यात रात्र नाही. जे झालं ते लख्ख उन्हात झालं.

तिला आपण देविका म्हणू.

देविका मूळची कराडची. नवरा कुशल मिरजेचा, सिरुसेरीच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत नोकरीला. गाड्यांच्या डॅशबोर्डवर जे स्क्रीन असतात, त्यांचं सॉफ्टवेअर तो लिहायचा. देविका पुण्यातल्या एका फर्मचं अकाउंट्सचं काम घरून करायची.

गाडी त्यांनी जुलैच्या मध्यात घेतली. तमिळ लोकांचा आडी महिना नेमका त्याच दिवशी लागला होता. या महिन्यात इथे सहसा कुणी वाहन घरी आणत नाही. जुन्या गाड्यांना तर गिऱ्हाईकच नसतं, म्हणून त्या स्वस्तात मिळतात. कुशलला हे ऑफिसात कळलं आणि तो हरखला.

"आपल्याला कुठे आडी-बिडी? आपण मिरजेचे!"

गाडी तिरुवान्मियूरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलची होती. शिकवणाऱ्याच्या पायाशी, म्हणजे डाव्या सीटसमोरही, जिला एक ब्रेक आणि क्लच असतो, तसली. विकण्याआधी ती पेडलं काढून टाकली होती. मॅट उचलली की तिथे दोन भोकं दिसायची, रबराची बुचं मारलेली.

किल्ली हातात देताना म्हातारे मालक कुशलला एवढंच म्हणाले होते, "डाव्या सीटवर सामान ठेवू नका."

कुशलला वाटलं, सीटचा स्पंज गेला असेल.

त्या सकाळी देविकाला डॉक्टरकडे सोडून तो पुढे ऑफिसला जाणार होता. ती डाव्या सीटवर बसली होती. सिग्नल सुटला. कुशलचा फोन मांडीवर होता. तो वाजला, आणि कुशलने मान खाली घातली.

समोर बसचे लाल दिवे लागले.

देविकाने उजवा पाय फरशीवर दाबला. शेजारी बसणारं कुणीही दाबतं, तसा.

आणि पायाखालची फरशी... आत गेली.

पेडल दाबलं जावं तशी. गाडी जागच्या जागी थांबली.

"ब्रेक तू मारलास?" कुशलने विचारलं.

"मी? माझ्याकडे कुठला ब्रेक?"

"मग मीही नाही मारला. शप्पथ. मी बॉसला अंगठा पाठवत होतो."

"एका अंगठ्यासाठी दोघं गेलो असतो!"

मागून हॉर्नचा गोंगाट सुरू झाला होता. कुशलने घाईने गाडी चालू केली. देविकाने मॅट वर करून पाहिली. दोन भोकं. दोन बुचं. फरशी टणक.

एक गोष्ट तिने त्याला तेव्हा सांगितली नाही.

फरशी आत गेली तेव्हा तिच्या पावलावर... दुसरं एक पाऊल होतं.

थंड. अनवाणी.

*

पुढच्या आठवड्यात कुशलने जेवता जेवता सांगितलं, "अगं, गंमत माहितीये? मी एकटा असलो की डावीकडचा बेल्ट बोंबलतो."

"म्हणजे?"

"सीटवर कुणी बसलंय आणि बेल्ट लावला नाहीये, तर वाजतं ना ते. टुंग टुंग टुंग. सीटखाली सेन्सर असतो."

"पण सीटवर कुणीच नसतं."

"तेच तर. सेन्सर गेलाय. मी सरळ रिकाम्या सीटला बेल्ट लावून टाकतो. गप्प होतं बिचारं."

देविका दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर खाली पार्किंगमध्ये गेली. कुशल बसला. त्याने गाडी चालू केली, मागे घेतली.

टुंग... टुंग... टुंग...

कुशलने हात लांब करून डावीकडचा बेल्ट ओढला आणि खटक्यात अडकवला.

आवाज थांबला.

बेल्ट रिकाम्या सीटला चिकटून बसायला हवा होता. तो थोडा पुढे होता. मध्ये वीतभर जागा सोडून ताणलेला... कुणाच्या तरी छातीवरून जावा तसा.

कुशलने तिच्याकडे पाहून हात हलवला आणि तो निघून गेला. त्याने बघितलं नव्हतं. दुसऱ्या हातात फोन होता.

मग देविकाला डाव्या मॅटवर पांढरी भुकटी दिसू लागली. रोज सकाळी, चिमूटभर. ती झटकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पार्किंगच्या छताचा चुना असेल, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण काचा बंद होत्या. आणि एकदा त्या भुकटीत तिला पाच बारीक ठिपके ओळीने दिसले.

बोटांचे. पायाच्या.

तिने त्या दिवसापासून पुढे बसणं सोडलं.

*

देविकाने शेवटी त्या पावलाचं आणि भुकटीचं सांगितलं, तरी कुशल घाबरला नाही. हे लिहायला सोपं आहे, पण खरी गोष्ट इथूनच वळते.

त्याने आधी गाडी स्वतः तपासली. खाली झोपून ब्रेकच्या नळ्या पाहिल्या. लॅपटॉप जोडून काय काय वाचलं. काहीच सापडलं नाही. दरम्यान गाडी आणखी तीनदा-चारदा आपोआप थांबली होती. एकदा पाण्याच्या टँकरमागे. एकदा स्कूटरवरच्या कॉलेजच्या पोरीमागे. प्रत्येक वेळी कुशलचे डोळे फोनवर होते. डोळे रस्त्यावर असले की काहीही व्हायचं नाही.

हे लक्षात आल्यावर माणूस फोन ठेवून देईल, असं आपल्याला वाटतं.

कुशलने उलटं केलं.

एका रविवारी ते ईसीआरने, म्हणजे समुद्राकाठच्या हमरस्त्याने, निघाले होते. देविका मागे. डॅशबोर्डवर लावलेल्या फोनवर क्रिकेटची मॅच चालू होती. डाव्या सीटला नेहमीसारखा बेल्ट.

"कुशल, पुढे बघ."

"बघतोय गं."

"तू मॅच बघतोयस."

"मावशी आहे ना बघायला!"

"कोण मावशी?"

त्याने डाव्या सीटच्या पाठीवर थाप मारली. "ही आपली. लोक लाखो रुपये देतात असल्या सिस्टिमला. पुढे काही आलं की गाडी आपोआप थांबते. आपल्याला आडीच्या सेलमध्ये फुकट पडली. काय मावशी?"

"तसलं बोलू नकोस. हात जोडते."

"बरं, सांग, आजवर एकदा तरी चुकली का ती?"

तेवढ्यात एक मुलगा सायकल घेऊन रस्त्यावर उतरला. गाडी थांबली. डावीकडे काहीतरी हललं आणि ताणलेला बेल्ट करकरला. कुशलने मानही वर केली नव्हती. मुलगा सायकल ढकलत पलीकडे गेला.

कुशल हसला. "बघ! म्हटलं नव्हतं?"

देविका सांगते, त्या हसण्यानंतर तिला सीटवरच्या बाईची भीती वाटेनाशी झाली. बाई रोज तिच्या नवऱ्याला वाचवत होती. भीती वाटू लागली ती कुशलच्या निर्धास्तपणाची. आता तो मोठाले मेसेज टाइप करत गाडी चालवायचा. घरातून निघाला की पाच मिनिटांत त्याचा फोन यायचा, भाजी काय आणू, आईचा फोन आला होता का, काहीही. ती तुटक बोलून ठेवून द्यायची. तो पुन्हा लावायचा.

कधीतरी ही बाई थांबवणार नाही. मग?

*

ऑगस्टच्या मध्यावर एक सकाळ आली. आडी संपून पुढचा महिना लागला होता. वॉचमनने गेटला नवं तोरण बांधलं होतं.

मागच्या सीटवर देविकाची छत्री राहिली होती. कुशल निघायच्या आत ती काढायला तिने मागचं दार उघडलं. छत्री उचलताना बोटांना काहीतरी पांढरं लागलं. तिने ते ओढणीला पुसलं.

कुशलने गाडी चालू केली.

ती वाट पाहत उभी राहिली. रोजच्या त्या आवाजाची.

काहीच वाजलं नाही.

गाडी मागे आली, वळली, गेटपर्यंत गेली.

शांतता...

"मावशी आज रजेवर दिसतेय!" कुशल काचेतून ओरडला. "दुपारी टीमबरोबर कोवलमला जेवायला जातोय. माझी वाट बघू नकोस."

गाडी गेली. देविकाला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. ती वर आली, लॅपटॉप उघडला, साडेअकराला काम अर्धवट टाकून बंद केला, आणि रिक्षा करून तिरुवान्मियूरला गेली.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक लहानशी खोली. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी, घाईत काढलेली, रेषा वेड्यावाकड्या. आत सत्तरीचे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. देविकाने मोडक्या तमिळमध्ये सुरुवात केली, "सर, पांढरी गाडी... माझा नवरा... कुशल..."

"मराठी बोल, बाळ," ते म्हणाले. "आम्ही पण मराठीच. तंजावरचे. माझें नांव गुंडो राव."

त्यांचं मराठी जुनं होतं. मध्ये मध्ये तमिळ शब्द, आणि चाल तर सगळी तमिळच.

"आमचें मराठी ऐकून हसूं नको. तुमचें बस पकडायला धावल्यासारखें, आमचें ओट्यावर बसल्यासारखें. ये, बैस. कॉफी पितेस?"

"काका, मला विचारायचं होतं..."

"मामा म्हण. इथे सगळे मामाच म्हणतात. कसाला आलीस ते मला ठाऊक आहे."

देविका समोरच्या खुर्चीवर बसली.

"बेल्ट वाजतो?"

"वाजायचा."

"माझी बायको. त्रिपुरसुंदरी." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "बायकांना आणि लहान वयाच्या पोरांना तीच शिकवी. सकाळीं दारांत रांगोळी काढून तशीच गाडींत बसे. चप्पल इथे दारांत. अनवाणी पायानें ब्रेक कळतो म्हणे. मॅटवर पीठच पीठ! रोज मी ओरडे, रोज ती हसे."

"त्या... गाडीतच गेल्या?"

"नाही गं. गाडींत असती तर वाचली असती."

मग त्यांनी सांगितलं. एक मुलगा होता, तिनेच शिकवलेला. हुशार. कोर्स संपला, तिने पास म्हटलं, वडिलांनी नवी गाडी घेऊन दिली. पुढच्याच महिन्यात कोवलमच्या फाट्याजवळ त्रिपुरसुंदरी रस्त्याकडेला नारळ घ्यायला थांबली होती. त्याच मुलाने तिला उडवलं. फोन हातात होता. कुणाला उडवलं हे त्याला खाली उतरल्यावर कळलं.

"दोन दिवस होती हॉस्पिटलांत. एकच वाक्य. मी पाणी देतों, ती तेंच. नर्स बोलते, ती तेंच. 'लौकर उतरलें मी. लौकर उतरलें.'"

बाहेरून एक बस गेली. खोलीच्या काचा थरथरल्या.

"मला सांगायला हवें होतें तुझ्या नवऱ्याला. पण काय सांगूं? माझी बायको आहे गाडींत, सांभाळा? आडींत गिऱ्हाईक आलें, मी विकली. डोळ्यांसमोर नको होती मला ती गाडी."

"मामा, आज बेल्ट वाजला नाही."

गुंडो रावांनी तिच्याकडे पाहिलं.

"गाडी घेऊन किती दिवस?"

"आडी लागली त्या दिवशी घेतली."

"आडी काल संपली." ते सावकाश म्हणाले. "आमचा कोर्स महिन्याचा, बाळ."

"म्हणजे गेल्या त्या? सुटलो आम्ही?"

"नाही. तिची रीत होती. महिना झाला की शेवटचा वर्ग मागें बसून. मुलगा एकटा पुढें. ती मागच्या सीटवर, हात मांडीवर. काही बोलायची नाही. काय वाटेल तें होवो. म्हणायची, आतां माझ्या पायाखालीं काही नाही, जें आहे तें तुझ्या."

देविकाने आपल्या ओढणीकडे पाहिलं.

सकाळी पुसलेली बोटं. पांढरा डाग. तांदळाचं पीठ.

ते मागच्या सीटजवळ लागलं होतं...

तिने पर्समधून फोन काढला. कुशलचं नाव समोर आणलं. अंगठा बटणावर गेला आणि थांबला.

साडेबारा वाजून गेले होते. तो आता कुठे असेल? ऑफिसात? की गाडीत? गाडीत असेल तर तो उचलणार. वाजला की उचलणारच. एका हाताने स्टिअरिंग धरून, मान खाली घालून.

"लावूं नको," गुंडो राव म्हणाले.

तिने त्याच्या टीममधल्या जननीला फोन लावला. जननी बसची वाट पाहत होती. "कुशल? तो पुढे गेला ना, मघाशीच. आम्ही सगळे बसने येतोय. तुला फोन करतो म्हणाला गाडीतून."

देविकाने फोन टेबलावर ठेवला.

दोघंही त्याच्याकडे बघत बसली.

आणि तो वाजला.

स्क्रीनवर कुशलचा फोटो. मिरजेच्या घराच्या गच्चीवरचा, हसणारा.

"उचलूं नको."

"मामा, उचलला तर मी सांगीन ना, ठेव म्हणून! गाडी बाजूला घे म्हणून!"

"तूं सांगेपर्यंत तो कानाला लावून बोलत असेल."

फोन वाजत राहिला. थांबला.

देविकाने श्वास सोडला.

पुन्हा वाजला. ती उभी राहिली, बसली. गुंडो रावांचे ओठ हलत होते. काहीतरी पुटपुटत होते ते. फोन थांबला.

तिसऱ्यांदा वाजला.

तिने हात पुढे केला...

आणि मध्येच, अर्ध्या घंटीवर, तो तुटला.

मग काही वाजलं नाही. बराच वेळ.

*

केळंबाक्कमहून कोवलमकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी आहे. रस्ता सरळ, दुपारी मोकळा. तिथे कुशलच्या गाडीने कृष्णवेणी नावाच्या बाईंना धडक दिली. त्या कोवलमच्या. मासे विकून रिकामी टोपली घेऊन घरी चालल्या होत्या.

कुशलने पोलिसांना काहीही लपवलं नाही. फोन लावत होतो, म्हणाला. बायको उचलत नव्हती, म्हणून पुन्हा लावत होतो.

देविकाने हे ऐकलं तेव्हा ती त्याच्या शेजारीच बसली होती. त्याने तिला दोष दिला नाही. तिनेही त्याला काही विचारलं नाही. पण हे वाक्य त्या घरातून अजून गेलेलं नाही.

एक गोष्ट कुशलने पोलिसांना सांगितली नाही. देविकाला सांगितली, दोन दिवसांनी.

"तिसऱ्यांदा लावला ना, तेव्हा मागून आवाज आला."

"कसला?"

"कुणीतरी श्वास आत ओढला. दचकल्यावर ओढतात तसा. मी आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं. आणि मग पुढे बघितलं तर..."

तो रडायला लागला. "मी ब्रेक मारला, देविका. या वेळी मीच मारला. पण उशीर झाला होता."

कृष्णवेणींचं कमरेचं हाड मोडलं होतं. डोक्याला मार होता. शुद्ध आली, पण पहिले काही दिवस बोलत नव्हत्या. देविका रोज हॉस्पिटलात जायची. त्यांची मुलगी पहिल्या दिवशी तिच्या अंगावर धावून आली होती. नंतर नुसतीच तोंड फिरवून बसायची. कुशलला वॉर्डात येऊ द्यायची नाही. देविका बाहेरच्या बाकावर थांबायची, औषधं आणून द्यायची, घरी यायची.

एक दिवस बाकावर बसून ती कराडला आईशी फोनवर बोलत होती. दार उघडं होतं. आतून कृष्णवेणींनी मुलीला काहीतरी सांगितलं. मुलगी बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"अम्मा तुला बोलावतेय."

देविका आत गेली. कृष्णवेणी तिच्याकडे एकटक पाहत होत्या. मग तमिळमध्ये म्हणाल्या, "तुझ्या बरोबरच्या त्या अम्मा कुठे आहेत?"

"कोण?"

"गाडीत मागे बसल्या होत्या त्या. हात मांडीवर ठेवून. त्या पोराने मला बघितलं नाही. त्यांनी बघितलं."

देविकाने पलंगाची दांडी धरली. "गाडीत तो एकटाच होता, अक्का."

"एकटा कसा? त्या उतरल्या ना. माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत. पायात चप्पलही नव्हती. डांबर किती तापलं होतं..."

मुलगी हळूच म्हणाली, "तिच्या केसांना पीठ लागलं होतं. मीच धुतलं."

"काही बोलल्या त्या?" देविकाने विचारलं.

"बोलत होत्या. तमिळ नाही. तू आता बाहेर बोलत होतीस ना, तसलंच. एकच एक, परत परत." कृष्णवेणींनी डोळे मिटले. अर्थ माहीत नसलेले शब्द माणूस जपून उच्चारतो, तसे एकेक उच्चारले.

"लौकर... उतरलें... मी."

*

कृष्णवेणी आता घरी आहेत. वॉकर घेऊन चालतात. पुन्हा डोक्यावर टोपली घेता येईल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. केस चालू आहे. आणखी कोण होतं गाडीत, असं पोलिसांनी कुशलला दोनदा विचारलं, कारण जखमी बाई जबाबात ठामपणे दोघं होती म्हणते. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी आहे. तिथल्या माणसाने सांगितलं, बाई एकटीच पडली होती. पण मान वर होती तिची. कशावर तरी टेकलेली.

कुशल बसने ऑफिसला जातो. बसमध्ये फोन खिशातून काढत नाही. देविका त्याला दिवसा फोन करत नाही.

गाडी जप्त होऊन पोलिसांच्या आवारात पडली होती. ती परत घ्यायला या, असा निरोप दोनदा आला. दोघंही गेली नाहीत. गुंडो रावांना देविकाने सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "सेरि, बरें, माझ्याकडे आण." मग थोड्या वेळाने, "नको. आणूं नको."

गेल्या मंगळवारी दुपारी देविकाला एका नव्या नंबरवरून फोन आला. आवाज तरुण होता, तमिळमध्ये बोलणारा. पोलीस शिपाई. हसरा वाटला.

"मॅडम, तुमच्या गाडीचं बोलतोय. आवारात जागा नाही, मागच्या मैदानात नेऊन लावतोय. एक विचारायचं होतं."

"विचारा."

"डाव्या सीटखाली काही ठेवलंय का तुम्ही? केव्हाचं वाजतंय बघा हे."

देविकाने फोन कानाशी घट्ट धरला. त्याच्या आवाजामागे...

टुंग... टुंग... टुंग...

आणि त्याच्याही मागे इंजिनचा आवाज. गाडी चालत होती.

"भाऊ, तुम्ही गाडी चालवताय?"

"हो, इथल्या इथेच. दोन मिनिटांचं काम."

"फोन ठेवा. आधी फोन ठेवा."

"अहो मॅडम, रस्ता रिकामा आ..."

टायर घासले.

काहीतरी आपटलं. फोन पडला असावा. मग टुंग टुंग थांबलं. दूरवर कुणी मूल रडत होतं, एक बाई त्याला ओरडत होती, अशा आवाजात की मूल धड आहे हे कळावं.

बऱ्याच वेळाने शिपाई पुन्हा फोनवर आला. त्याचं हसणं गेलं होतं.

"मॅडम..."

"मूल ठीक आहे का?"

"ठीक आहे. चेंडूमागे आलं होतं. मी बघितलंच नव्हतं. मॅडम, ब्रेक मी नाही लावला."

देविकाने जवळची खुर्ची ओढून घेतली.

"आणि मॅडम, तो डावीकडचा बेल्ट... तोही मी लावला नाही."

गाडी अजून त्या मैदानात उभी आहे. बॅटरी उतरू नये म्हणून तोच शिपाई रोज सकाळी ती चालू करतो आणि मैदानाला एक फेरी मारतो, असं कळतं. देविका त्याचा महिना मोजते आहे.